'पावसाळ्यात टीव्ही जपा' म्हणून फिरणाऱ्या मेसेजला उत्तर, मुद्द्याला मुद्दा

पाऊस जवळ आला की व्हॉट्सअॅपवर तो लांबलचक मेसेज फिरायला लागतो. घरच्या ग्रुपवर येतो, वाड्यावरच्या ग्रुपवर येतो, देवळाच्या ग्रुपवर पण येतो. ज्यांनी वाचला नसेल त्यांना थोडक्यात सांगतो काय म्हटलंय त्यात. रिमोटने टीव्ही बंद केला की तो सेफ, प्लग काढू नका कारण प्लग काढून काढून बोर्ड जातो. स्टॅबिलायझर असेल तर वीज पडली तरी काही होत नाही. पावसात चित्र अडकतं म्हणजे छतावरची छत्री (डिश) बिघडली, एलएनबीला, म्हणजे छत्रीपुढच्या दांडीवर सिग्नल पकडणारा जो भाग असतो त्याला, प्लास्टिकची पिशवी बांधा. स्क्रीन काच पुसायच्या स्प्रेने नाहीतर सॅनिटायझरने पुसा. सोनेरी एचडीएमआय केबल घ्या, चित्र दुप्पट क्लिअर. आणि आवाज येतोय पण चित्र नाही म्हणजे पॅनल गेलं, नवीन टीव्ही घ्या.

यातले काही मुद्दे फक्त खिशाला लागतात, पण काही असे आहेत की ते पाळले तर माणसाच्या जिवावर येऊ शकतं, म्हणून एकेक घेऊन लिहितोय.

पहिला प्लगचा. रिमोटने बंद केलं की स्क्रीन काळी होते, बस, आतला पॉवर सप्लाय चालूच असतो, नाहीतर रिमोटचं बटण परत दाबल्यावर टीव्हीला कळणार कसं? बरं भिंतीवरचं बटण बंद केलं तरी पूर्ण सुटका नाही, ते बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि विजेचा झटका हजारो व्होल्टचा असतो, त्याला बटणातली ती बारीकशी फट काही अडवत नाही. म्हणून पिन सॉकेटमधून बाहेर काढायची. आणि इथेच बहुतेक लोक अर्धं काम करतात, प्लग काढतात पण छतावरून आलेली छत्रीची केबल सेट-टॉप बॉक्सला तशीच. झटका त्या केबलने बॉक्समध्ये, बॉक्समधून एचडीएमआयने टीव्हीत, आणि मग लोक म्हणतात प्लग काढला होता तरी गेला कसा! छत्रीची केबल पण काढा. राउटरची लॅन केबल टीव्हीला लावली असेल तर ती पण. फायबरच्या काचेतून करंट येत नाही, पण राउटरचा अॅडॉप्टर विजेवरच असतो ना.

आता कधी काढायची. आपल्या गोव्यात गडगडाट जास्त असतो तो एप्रिल-मेच्या संध्याकाळी, पाऊस लागायच्या आधी, आणि परत ऑक्टोबरमध्ये पाऊस परतताना. जुलैत नुसता कोसळत असतो पण विजा त्या मानाने कमी. पण लोक जूनपासून सावध होतात आणि चवथ (गणेश चतुर्थी) झाली की विसरतात, ऑक्टोबरातला धोका तसाच डोक्यावर. लांब आभाळ काळं झालेलं दिसतंय तेव्हाच काढून ठेवा. विजा डोक्यावर आल्या की मात्र केबलला हात लावायचा नाही, म्हणजे नाहीच, टीव्ही गेला तर जाऊ दे. मुलांना आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे नीट समजावून सांगा, घाईघाईत तेच उठतात काढायला.

प्लग काढून बोर्ड जातो हे काही खरं नाही. सॉकेट ढिला असेल, पिन घालताना चरचर आवाज येत असेल तर सॉकेट बदला, तिथून त्रास होऊ शकतो. ओएलईडी टीव्ही असेल तर मात्र थोडं वेगळं, तो रिमोटने बंद केल्यावर स्टँडबायमध्ये स्वतःच्या पिक्सेलची काळजी घेण्याचं काम करत असतो, म्हणून रोज रात्री लगेच मेन बंद करू नये. पण गडगडाटाची चिन्हं दिसली की त्याचाही प्लग विजा जवळ यायच्या आधी काढायचाच.

स्टॅबिलायझरचा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो कारण त्याच्या भरवशावर लोक प्लग काढतच नाहीत. टीव्हीच्या मागचं लेबल वाचा, बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे व्होल्टेज कमी झालं तर टीव्ही स्वतःच सांभाळून घेतो. स्टॅबिलायझर रिलेवर चालतो, रिलेला हलायला काही मिलिसेकंद लागतात, विजेचा झटका मायक्रोसेकंदात येऊन गेलेला असतो. मग अडवणार काय? लहानसहान झटक्यांसाठी चांगला सर्ज प्रोटेक्टर उपयोगी, पण त्याला घरचं अर्थिंग नीट हवं, आणि झटके खाऊन खाऊन तो आतून संपतो, काहींवर त्यासाठी दिवा असतो, तो विझला की बदलायचा. जवळच वीज पडली तर तो पण काही वाचवू शकत नाही.

आणखी एक, जे त्या मेसेजमध्ये नाहीच आणि आपल्याकडे महत्त्वाचं आहे. वाऱ्यात माड किंवा त्याचं चुडत (झावळी) तारांवर पडतं आणि कधीकधी न्यूट्रल तुटतो. तेव्हा घरात २३० च्या जागी ४०० च्या जवळपास व्होल्टेज येऊ शकतं. ट्यूब-बल्ब एकदम भगभगायला लागले, पंखा नेहमीपेक्षा जोरात फिरायला लागला की विचार करत बसू नका, सरळ मेन स्विच पाडा आणि वीज खात्याला कळवा. सर्ज प्रोटेक्टर इथे टिकत नाही, कारण हा क्षणाचा झटका नाही, मिनिटं न् मिनिटं चालतो. हाय व्होल्टेज कट असलेलं उपकरण लागतं, काही स्टॅबिलायझरमध्ये तो असतो, तेवढ्यापुरता स्टॅबिलायझर कामाचा.

आता छत्री. पावसात चित्राचे चौकोन पडणं, आवाज तुटणं, 'नो सिग्नल' येणं हा बिघाड नाहीये. डीटीएचचे सिग्नल साधारण ११-१२ गिगाहर्ट्झचे, त्यांची लहर जेमतेम अडीच सेंटीमीटरची, जोराच्या सरीतले थेंब ती शोषतात आणि विखुरतात. उपग्रह विषुववृत्तावर ३६,००० किलोमीटर उंचीवर, आणि एवढा प्रवास करून आलेला सिग्नल शेवटच्या काही किलोमीटरच्या पावसात मार खातो. जुन्या अँटेनाला चित्रावर हळूहळू मुंग्या यायच्या, डिजिटलमध्ये तसं नाही, एका मर्यादेपर्यंत चित्र एकदम स्वच्छ आणि त्याच्या खाली गेलं की एकदम गायब, म्हणून लोकांना वाटतं काहीतरी जळलं. सर ओसरू दे, चित्र येईल आपोआप.

ऊन पडलंय, आभाळ स्वच्छ आहे तरी अडकतंय, तर मात्र बघायला हवं. बॉक्सच्या मेन्यूत सिग्नलच्या दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी, आपल्याला बघायची ती क्वालिटी. आपल्याकडून छत्र्या आग्नेयेला तोंड करून असतात, डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे, तेव्हा त्या बाजूला माडाची चुडतं वाढून आडवी आली आहेत का बघा, हे फार वेळा निघतं. नाहीतर वाऱ्याने छत्री किंचित सरकलेली असते, किंवा केबलच्या टोकाचा कनेक्टर खाऱ्या हवेने गंजून आतली तांब्याची तार हिरवी पडलेली असते, किनाऱ्याजवळच्या गावांत तर हे ठरलेलंच. नवीन कनेक्टरला जास्त खर्च येत नाही.

पिशवी बांधू नका. आत पाणी साचतं, वाऱ्यात फडफडते, आणि पिशवीवर पाण्याचा थर बसला की तोच सिग्नल खातो. त्यापेक्षा कनेक्टरवर वॉटरप्रूफ टेप घट्ट गुंडाळा आणि केबल घरात शिरायच्या आधी तिला खाली झोल द्या, पाणी झोलातून टपकून जाईल. हे सगळं पावसाच्या आधी. शेवाळलेल्या स्लॅबवर किंवा ओल्या कौलांवर मालिकेचा एक भाग चुकेल म्हणून चढू नका, कृपा करून.

स्क्रीन पुसायचं. जुन्या टीव्हीला पुढे काच असायची, आताच्या बहुतेक टीव्हीला पुढे प्लास्टिकची फिल्म असते, अमोनिया आणि अल्कोहोलने तिचा थर जातो आणि ढगाळ डाग पडतात ते कायमचे. आणि स्क्रीनवर सरळ स्प्रे मारला तर थेंब ओघळून खालच्या कडेत शिरतात, तिथे पॅनलची नाजूक सर्किटं असतात, मग उभ्या रेघा. टीव्ही बंद करून गार झाला की सुक्या मायक्रोफायबरने हलक्या हाताने पुसा, डाग असेल तर फडकं फिल्टरच्या पाण्याने अगदी जरासं ओलं करा. आणि चिऱ्याची बाहेरची भिंत पावसात पाझरत असेल तर टीव्ही तिला चिकटवून लावू नका, मागे हवा खेळायला जागा ठेवा.

सोनेरी केबलचा मुद्दा पटकन संपतो. एचडीएमआय डिजिटल आहे, चित्र एक तर पूर्ण येतं नाहीतर ठिपके येतात, तुटतं, केबल महाग म्हणून रंग वाढत नाहीत. सोन्याचा मुलामा गंज कमी करतो एवढं खरं, पण साध्या केबललाही तो बऱ्याचदा असतोच. फोर-के ६० फ्रेम्ससाठी १८ गिगाबिटची केबल लागते, एचडी बॉक्सला साधी पुरते.

शेवटचा, पॅनल गेलं म्हणायचा. आवाज आहे, चित्र नाही, तर खोलीत अंधार करा आणि स्क्रीनजवळ टॉर्च तिरका धरा. आत चित्र पुसट हलताना दिसलं तर पॅनल ठीक आहे, मागची बॅकलाइट गेलीय. त्यातल्या एलईडीच्या पट्ट्या बऱ्याचदा एकामागोमाग एक जोडलेल्या असतात, एक एलईडी गेली तरी सगळी लाइन विझते. पट्ट्या बदलून मिळतात आणि तो खर्च पॅनलच्या मानाने बराच कमी. हे माहीत नसल्यामुळे पेन्शनीतून नवीन टीव्ही घेणारी माणसं आहेत आणि त्याचं फार वाईट वाटतं. दुरुस्तीवाला आला की त्याला टॉर्च लावून दाखवा, 'बॅकलाइट तपासा' असं स्पष्ट सांगा, आणि पट्ट्या बदलताना एकच न बदलता पूर्ण सेट घालायला लावा, मग सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट १०० वरून ५०-६० वर आणा, त्या पट्ट्या जास्त टिकतात.