स्क्रूड्रायव्हर खाली ठेव आधी!

रविवारी दुपारी खानापूरहून धाकट्या बहिणीचा फोन. "दादा, ह्यानं पेटी उघडून ठेवलीया, आणि आता स्क्रूड्रायव्हर मागायलाय. देऊ काय?" भाच्यानं आदल्या रात्री कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक केला होता, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला होता. सकाळी पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळी. आणि हातात व्हॉट्सॲपवरचा तो मेसेज : 'ओव्हरक्लॉकनंतर डिस्प्ले गेला? इंजिनिअर सांगणार नाहीत असे 5 उपाय'. बेळगावात माझ्याकडे तो तीन ग्रुपांतून आला होता, हसून सोडून दिला होता. आता घरातच शिरला, तर बोलतोच.

स्क्रूड्रायव्हर कशाला, तर उपाय दुसरा : 'एसएमपीएस उघडून आतला मोठा कॅपेसिटर स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करा, साठलेली वीज गेली की बोर्ड रिसेट होतो.' हे लिहिणाऱ्यानं एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, कधी आतून पाहिलाय का? आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची, तिचं शिखर सव्वातीनशेच्या आसपास. हल्लीच्या बहुतेक एसएमपीएसमध्ये वीज साठवणारा तो कॅपेसिटर त्याच्याही वर, पावणेचारशे-चारशे व्होल्टपर्यंत भरलेला असतो. प्लग काढला तरी तो लगेच रिकामा होईलच याचा भरवसा नाही. बारावीतल्या पोरानं त्यावर लोखंड टेकवायचं? आणि एवढं करून मिळणार काय? ओव्हरक्लॉकची सेटिंग तिथं नसतातच. ती असतात मदरबोर्डवर, नाण्याएवढ्या सेलवर जगणाऱ्या सीमॉसच्या स्मृतीत किंवा मशीन सुरू करणाऱ्या बायोस प्रोग्रॅमच्या चिपमध्ये. उरलेली वीज घालवायची तर प्लग काढून पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, झालं. एसएमपीएसची पेटी घरात उघडायची नाही म्हणजे नाही.

उपाय पहिला, 'डिस्प्ले नाही म्हणजे बोर्ड जळाला, नवा घ्या.' दरवेळी असं नसतं. वेग किंवा व्होल्टेज झेपलं नाही की मशीन सुरुवातीच्या तपासणीतच अडकतं. आसुसच्या कितीतरी जुन्या मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय : ओव्हरक्लॉकमुळे मशीन अडकलं तर आरटीसी, म्हणजे तीच सेलवरची स्मृती, पुसायचीही गरज नाही, बंद करून पुन्हा चालू करा, बायोस स्वतःच मूळ आकड्यांवर येतं. बोर्ड बनवणाराच हे सांगतो, आणि आपण फॉरवर्डवर विश्वास ठेवतो. रॅम डीडीआर5 जातीची असेल तर आणखी धीर धरा. रॅमची जुळवाजुळव करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. भाचा दर अर्ध्या मिनिटाला बटण दाबून ती मध्येच तोडत होता.

उपाय तिसरा, ग्राफिक्स कार्ड ओव्हनमध्ये भाजा. पाव भाजतात तिथं? पुढं चला.

चौथा, रॅम खोडरबरनं पुसा. बरं, मळकट पिनांवर कधीकधी उपयोग होतो, मान्य. पण काल रात्रीपर्यंत चाललेली रॅम सकाळी मळत नाही. आणि बायोसमधलं एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारं सेटिंग, चालू केलं असेल तर तोही ओव्हरक्लॉकच, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

पाचवा मात्र उलटाच : 'सेल काढू नका, बायोस आणि विंडोज दोन्ही उडतील.' बायोसचा प्रोग्रॅम फ्लॅश चिपमध्ये असतो, सेल काढल्यानं तो जात नाही. जातात ती फक्त सेटिंग आणि घड्याळाची वेळ. विंडोज तर डिस्कवर. पण नाइलाजानं एक कबूल करतो : डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू असेल तर सेटिंग बदलल्यावर विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती जवळ नसेल तर फाइल्स गेल्यातच जमा. म्हणजे मेसेजवाल्याच्या थापेत एवढा एक दाणा खरा.

अफ्टरबर्नर नावाच्या प्रोग्रॅमनं फक्त ग्राफिक्स कार्डाचा वेग वाढवला असेल तर सीमॉस पुसून काहीच होणार नाही. ते सेटिंग विंडोजमध्ये असतं, सेफ मोडमध्ये जाऊन काढा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी बोर्डाला लावून बघायची तर इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ नाही ना, ते आधी पाहा. एफवाल्या प्रोसेसरला स्वतःचा डिस्प्लेच नसतो.

भाच्याला फोनवर सांगितलं, "आधी पाच मिनिटं हात लावू नको." काही झालं नाही. मग प्लग काढायला लावला, बटण दाबून धरायला लावलं, मॅन्युअलमधल्या चित्रावरून सीमॉस पुसायच्या दोन पिना शोधून त्यांना दहा सेकंद स्क्रूड्रायव्हर टेकवायला सांगितला. स्क्रूड्रायव्हर लागला तो एवढ्यासाठीच, आणि तोही प्लग भिंतीतून काढल्यावर. पुन्हा चालू केल्यावर थोड्या वेळानं स्क्रीन आली, घड्याळ भलतंच, एफ1 दाबा म्हणणारी. त्यानं दाबलं, आणि लगेच विचारलं, "मामा, आता थोडं कमी ओव्हरक्लॉक करू काय?" मी म्हटलं, आधी ती 48 अंकी की आईच्या दुधाच्या वहीत लिहून ठेव.