बटण बंद, तरी ट्यूब चमकते : एका ताऱ्याच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमच्या तक्रारीचा गोषवारा आधी देतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ट्यूब लुकलुकत होती म्हणून तुम्ही आम्हाला बोलावलंत. आमच्या दुकानातल्या मुलाने चोक, म्हणजे ट्यूबचा प्रवाह आवरणारा भाग, बदलला. चार दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्या फेरीत त्याने इलेक्ट्रॉनिक चोक बसवला, स्टार्टर काढून नेला आणि जुना चोक मागितलात तर ‘टाकून दिला’ म्हणाला. आता बटण बंद केल्यावरही रात्री अंधारात ट्यूब मधूनच चमकते. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘पाच मिनिटांचं काम, पुढच्या वेळी बटण बंद करून मीच दोन तारा जोडेन.’

बाकी तक्रारींवर खाली बोलतो, पण हे शेवटचं वाक्य आधी. कृपा करून तसं करू नका. तुमच्या घरी बटण बंद केल्यावर ट्यूबच्या पट्टीतली वीज बहुधा जात नाही.

अभिप्राय वाचल्यावर मी त्या मुलाला समोर बसवून दोन्ही फेऱ्या पहिल्यापासून सांगायला लावल्या. बोलता बोलता त्याच्या तोंडून निघालं, की पहिल्याच दिवशी होल्डरची तार सोडवताना त्याला हलका झटका बसला होता. बटण बंद होतं. त्याला वाटलं, चोकमध्ये उरलेली वीज असेल. तांब्याच्या वेटोळ्याच्या जुन्या चोकमध्ये वीज साठून राहत नाही, हे त्याला माहीत असायला हवं होतं. झटका बसला तिथेच काम थांबवून मेन बंद करायचा, टेस्टर लावायचा आणि तुम्हाला सांगायचं. यातलं त्याने काहीच केलं नाही. तुम्ही न केलेली ही तक्रार मीच करतोय, कारण तुमच्या यादीतल्या सगळ्या गोष्टींपेक्षा ही मोठी आहे.

झालंय ते असं असणार : बटण फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेवर असायला हवं, ते न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर बसलंय. बटण बंद केलं की परतीची वाट तुटते, ट्यूब विझते, आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. पण फेज थेट चोकपर्यंत आणि होल्डरपर्यंत येऊन उभाच असतो. स्टुलावर चढून कोणी होल्डरच्या पत्तीला हात लावला, की वाट त्याच्या अंगातून पूर्ण होते. जुन्या चोकच्या काळात हे कधीच दिसलं नसतं. इलेक्ट्रॉनिक चोकच्या तोंडाशी मात्र एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, असतो. शेजारून जाणाऱ्या तारांमधून आणि भिंतीतून झिरपणारी अगदी नगण्य वीजही त्याला थेंब थेंब भरत राहते. पुरेसा भरला की चोक एकदा सुरू व्हायची धडपड करतो, ट्यूब क्षणभर चमकते, कपॅसिटर रिकामा होतो, पुन्हा भरू लागतो. तुम्ही लिहिलेलं ‘मधूनच’ म्हणजे हेच. बटणात इंडिकेटरचा बारीक दिवा असता तर त्यातूनही असं होऊ शकलं असतं, पण तुम्ही टाकलेल्या फोटोत बटण साधं आहे. त्यात झटक्याची हकीकत जोडली, की माझ्या मनात फारशी शंका राहत नाही. तरी टेस्टर आणि मीटर लावल्याशिवाय पक्कं म्हणणार नाही.

म्हणजे ते चमकणं चोकचा दोष नाही. दोष वायरिंगचा आहे, बहुधा पहिल्यापासूनचा. तो शोधायची संधी आम्हाला दोनदा मिळाली आणि दोन्ही वेळा आम्ही ती घालवली.

आता चोकबद्दल. तुमचा जुना चोक टाकलेला नव्हता, भंगाराच्या खोक्यात होता. मी काढून तपासला. वेटोळ्याचा रोध 35 ओहमच्या आसपास, वेटोळं आणि बाहेरचा पत्रा यांच्यात गळती नाही. पण नुसत्या ओहमवर माझा विश्वास नाही, आतले थोडे वेढे एकमेकांना चिकटले असतील तर मीटर ते लपवतो. म्हणून दुकानातल्या चाचणीच्या पट्टीवर 36 वॅटच्या चांगल्या ट्यूबसोबत तो चालवून पाहिला. प्रवाह 0.42 अँपिअर. या ट्यूबला साधारण 0.43 लागतो. तुमचा चोक धडधाकट आहे.

मग बदलला का? मुलगा म्हणतो, घुमत होता आणि हाताला गरम लागत होता. घुमतो तो कारण आतल्या लोखंडी पट्ट्या प्रवाहाबरोबर सेकंदाला शंभर वेळा थरथरतात. पट्ट्या किंवा बसवायचे स्क्रू जरा ढिले झाले की आवाज वाढतो. गरम तर तो होणारच, अशा चोकमध्ये आठ-दहा वॅट नुसते उष्णतेत जातात. जळका वास, वितळलेलं डांबरासारखं भरण, काळवंडलेली तार, नवी ट्यूब लावली की तिचीही टोकं पटकन काळी पडणं, अशी लक्षणं असती तर मीही चोकवरच बोट ठेवलं असतं. तसं काहीच नव्हतं. लुकलुकणाऱ्या ट्यूबला आधी स्टार्टर बदलून पाहायचा, मग चालू असलेली दुसरी ट्यूब लावून पाहायची, मग होल्डरच्या पत्त्या, आणि चोकचा नंबर सगळ्यात शेवटी. आमच्याकडे ही उतरंड उलटी झाली. चोकचे पैसे परत मिळतील आणि चोकही.

खरा आजार ट्यूबचा होता. तुमच्या फोटोत तिची दोन्ही टोकं चांगली बोटभर काळी दिसतात. टोकांशी टंगस्टनच्या तारेवर एक लेप असतो, ट्यूब पेटती राहते ती त्या लेपातून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनवर. दर वेळी लावताना तो थोडा थोडा उडतो आणि काचेला आतून काळा थर बसतो. लेप संपत आला, की स्टार्टर धक्के देत राहतो, ट्यूब पकड घेते आणि सोडते. चोक कितीही नवा असो. चार दिवस बरी चालली हा योगायोग, नव्या चोकचा गुण नव्हे.

दुसऱ्या फेरीत इलेक्ट्रॉनिक चोक लावल्यावर ट्यूब लागली, याचंही श्रेय मी घेणार नाही. तो सेकंदाला वीस हजारांहून जास्त आवर्तनांवर चालतो आणि थकलेल्या ट्यूबलाही काही दिवस ओढून नेतो. पण त्यात त्याच्यावर ताण पडतो. आजार झाकला गेला एवढंच. आधी नवी ट्यूब लावून पाहायला हवी होती.

दोन गोष्टी मात्र मी मान्य करणार नाही. स्टार्टर काढला ते बरोबरच केलं. इलेक्ट्रॉनिक चोकला स्टार्टर लागत नाही, आणि जुन्या वायरिंगसकट तो तसाच ठेवणं चूक ठरलं असतं. काढलेला तुमच्या हातात द्यायला हवा होता, हे कबूल. तो आता चोकसोबत ठेवलाय.

आणि पाच मिनिटांचं काम. वेटोळ्याच्या जुन्या चोकला दोनच तारा असतात, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण इलेक्ट्रॉनिक चोकसाठी जुनी जोडणी सोडून ट्यूबच्या दोन्ही टोकांना दोन-दोन तारा नव्याने न्याव्या लागतात, म्हणजे पट्टी उतरवून बसावं लागतं. दुसऱ्या फेरीचे पैसे आम्ही घेतले नव्हते. ते तुम्ही लिहिलं नाहीत, त्याचा राग नाही. पहिल्या फेरीत नीट पाहिलं असतं तर दुसरी लागलीच नसती.

पुढे काय करायचं ते सांगतो. या वेळी मी स्वतः येतो, पैसे नाहीत. फक्त त्या पट्टीचं नाही, त्या बोर्डावरच्या प्रत्येक बटणाचं पाहावं लागेल. एकाच बटणाच्या तारा उलट असतील तर काम थोडक्यात होईल. फेज-न्यूट्रल मागेच कुठेतरी उलटले असतील तर प्लगचे पॉइंटही तपासायला हवेत आणि वेळ लागेल. मला बोर्ड उघडू द्या, एवढंच मागणं.

तोवर त्या पट्टीला हात लावू नका, ट्यूब पुसायलाही नको. अगदी अडलंच तर घराचा दोन्ही तारा तोडणारा मेन स्विच बंद करा. त्या खोलीची एकेरी, म्हणजे एकच तार तोडणारी एमसीबी पाडून भागणार नाही, कारण तारा मागे उलटल्या असतील तर ती एमसीबीसुद्धा न्यूट्रलच तोडत असेल. मेन पाडल्यावरही दोन-तीन मिनिटं थांबा. इलेक्ट्रॉनिक चोकच्या कपॅसिटरमध्ये खरोखरच वीज उरते. आमच्या मुलाने जी समजूत जुन्या चोकबद्दल करून घेतली, ती नव्याला लागू आहे. आणि काढलेली ट्यूब फोडू नका, आत थोडा पारा असतो.

अभिप्रायातले तारे वाढवा म्हणून हे लिहिलेलं नाही, तारा एकच राहू द्या. पावतीवरच्या नंबरवर सोयीची वेळ तेवढी कळवा. दिवसाउजेडीची कळवलीत तर बरं, मेन बंद ठेवून काम करायचं आहे.