कैदी गप्प आहे? मग फायल बंद!

एका कैद्याची मारहाणीची तक्रार परवा मानवी हक्क आयोगात निकाली निघाली. कारण एका ओळीत: वारंवार कळवूनही तक्रारदाराकडून उत्तर नाही, सबब त्याला स्वारस्य नसावे. तुरुंग कुठला, आयोग कुठला, ते सोडा. कसब बघा! गोव्यातल्या होतकरू बाबूंना हे कसब अवगत व्हावे म्हणून ही कृती.

तक्रार आली की घाई करू नये. अंगावरचे वळ दोन-तीन आठवड्यांत जातात, सीसीटीव्हीच्या जुन्या चित्रणावर नवे चढते, बराकीतले साक्षीदार जामिनावर सुटतात. तेवढा वेळ फायलीला नंबर देण्यात सहज जातो.

मग ज्या खात्याविरुद्ध तक्रार, त्याच खात्याकडे अहवाल मागावा. नाही आला तर स्मरणपत्र. तरी नाही आला तर दुसरे, जरा अधिक नम्र.

अहवालात काय असेल? कैदी न्हाणीत पाय घसरून पडला.

आता खरी कारागिरी. अहवालावर कैद्याचे म्हणणे मागवायचे. नोटीस इंग्रजीतच हवी, सोबतच्या झेरॉक्स पुसट असल्या तर उत्तम. पत्त्यात कैद्याचे नाव आणि त्याखाली ‘मार्फत, अधीक्षक’. ही ‘मार्फत’ फार गुणाची. लिफाफा गेटवर दिला की पोस्टाच्या नोंदीत बटवडा झाला, तुम्ही मोकळे. पुढे तो आवक वहीत चढतो, उघडला जातो, वाचला जातो आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याच टेबलावर मुक्काम करतो. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! समजा, कैद्याला मिळालाच. कागद-पेन मागायचे त्याच साहेबांकडे, लिहिलेले दाखवायचे त्यांनाच, आणि ते बाहेर जाणार त्यांच्याच जावक वहीतून. रात्री झोपायचे कुठे? त्यांच्याच कुलपाआड. मध्येच त्याची दुसऱ्या तुरुंगात बदली झाली किंवा तो जामिनावर सुटून गावी गेला, तर जुन्याच पत्त्यावर नोटिसा पाठवत राहावे. पत्ता कळवणे ही त्याची जबाबदारी, नाही का? मुदत चवथीच्या तोंडावर संपेल असे पाहिले की आणखी सोपे.

विधी सेवा प्राधिकरणाला प्रत चुकूनही पाठवू नये. 1987 च्या कायद्याच्या कलम 12 नुसार कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो. वकील आला की उत्तर येण्याचा धोका.

वर्ष उलटू द्यावे. घटनेला वर्ष झाले की मानवी हक्क संरक्षण कायद्याचे कलम 36 आडवे येते, मग आयोगाकडे पुन्हा तक्रार करायचीही सोय नाही.

फक्त 1993 चा हा कायदा कुणाला पुरता वाचू देऊ नका. त्याचे कलम 17 म्हणते की सरकारचा अहवाल मुदतीत आला नाही तर आयोगाला स्वतः चौकशीला लागता येते. म्हणजे गप्प बसण्याचा तोटा सरकारला व्हायचा! तुम्ही तो कैद्याच्या गळ्यात मारलात. कलम 12 खाली आयोगाला आपण होऊन चौकशी करता येते, कलम 13 दिवाणी कोर्टासारखे समन्स काढू देते. मग कैद्याच्या टपालावाचून तुमचे अडले कुठे हो?

1979 मध्ये तिहारमधल्या सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि वकील नेमून त्यांना तुरुंगात जाऊन कैद्याला भेटू दिले. इथे रीतसर अर्ज असूनही तुम्हाला पोस्टमनची वाट पाहायची असते. रिमांड वाढवायचा असला की हाच कैदी पंधरवडा संपायच्या आत पडद्यावर उभा केला जातो. तेव्हा नेट चालते. ‘नोटीस मिळाली का रे?’ एवढे विचारायलाच चालत नाही?

लाज वाटू द्या थोडी. पणजीहून कोलवाळच्या तुरुंगात जायला म्हापशात बस बदलावी लागली तरी सकाळी निघालेला माणूस दुपारी जेवायला परत येतो. जा. अधीक्षकांना खोलीबाहेर बसवा. कैद्याला अहवाल मराठीत, कोकणीत, हिंदीत, जी भाषा कळते तीत वाचून दाखवा. तो बोलेल ते लिहून घ्या, सही नाहीतर अंगठा घ्या, आणि एक प्रत त्याच्या हातात ठेवा. त्यानंतर तो स्वतःच्या तोंडाने नको म्हणाला, तर लिहा खुशाल ‘स्वारस्य नाही’.