गच्चीवरच्या गोट्या

सकाळी चहाचा कप हातात घेऊन अपार्टमेंटचा ग्रुप उघडला, ही माझीच चूक. रात्री सेक्रेटरी साहेबांनी मेसेज टाकलेला : "गच्चीवरील कुंड्या, बादल्या व इतर साहित्य संबंधितांनी पंधरा दिवसांत हलवावे." संबंधितांनी म्हणे. अख्ख्या बिल्डिंगीत गच्चीवर बादल्या आहेत त्या एकट्या माझ्या, टोमॅटो लावलेल्या. नाव घ्यायला काय तोंड दुखत होतं? बरं, तेही गिळलं असतं. पण खाली एका वैनींनी लिहिलंय, "मंडईत वीस रुपये किलो टोमॅटो मिळतोय, कशाला हा उपद्व्याप?" आणि त्याला अकरा अंगठे.

मोजलेत मी. त्या अकरांपैकी चौघांच्या फ्रीजमध्ये आत्ता या घडीला माझ्याच गच्चीवरचे चेरी टोमॅटो आहेत.

2023 च्या जुलैत टोमॅटो शंभर-दीडशेच्या पुढं गेला होता, आठवतंय का? तेव्हा ह्याच वैनी वाटी घेऊन वर आल्या होत्या. भर पावसाळ्यात माझी झाडं करप्यानं काळी पडलेली, कशीबशी दोन जगलेली, तरी त्यांना दिली मी मूठभर. तेव्हा उपद्व्याप नव्हता हो.

आता ज्यांना माझ्या बादल्यांचा इतिहास माहीत नाही त्यांच्यासाठी. ह्यात खरं तर मी नाहीच, आबा आहेत. आबा म्हणजे माझे सासरे, वय ब्याऐंशी. कागल तालुक्यात उसात आयुष्य गेलं, मधे चार-पाच वर्षं टोमॅटोही केला. एका साली दर असा पडला की तोडणीची मजुरी निघेना, तेव्हा उभ्या पिकात मेंढरं घातली. त्यानंतर टोमॅटोचं नाव काढलं नाही. सासूबाई गेल्यावर आमच्याकडं आले आणि पहिले सहा महिने गॅलरीत बसून खालच्या रस्त्यावरच्या गाड्या बघत होते. बोलणं म्हणजे "हं" आणि "वाढ".

तेवढ्यात भाच्यानं पुण्याहून सनगोल्ड चेरी टोमॅटोच्या बियांचं पाकीट आणलं. जपानच्या टोकिता कंपनीनं काढलेला हा संकरित वाण. पाकिटात मोजून दहा बिया! आबांनी पाकीट उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "दहा बियांला पैसे दिलं? खुळं हाय काय ते पोरगं?" दहातल्या सहा उगवल्या. रंगाच्या वीस लिटरच्या बादल्यांना बुडाला भोकं पाडली, कोल्हापुरात गंगावेशीतनं शेणखत आणलं, गावाकडनं उसाचं पाचट आणून वर आच्छादन केलं. गणपती बसले त्या आठवड्यात रोपं बादलीत गेली आणि दिवाळीच्या तोंडावर पहिले घोस धरले.

आबा रोज काठी टेकत दोन जिने चढायचे, बघायचे आणि खाली येऊन सांगायचे, "तुझ्या गोट्या अजून कच्च्याच हायत."

गोट्या हे नाव त्यांचंच.

तर आम्ही दोघंही वाट बघत बसलो. लाल व्हायची. पिवळ्या झाल्या, केशरी झाल्या, लाल काही होईनात. मी पोटॅश कमी पडलं म्हणून राख घातली. आबा म्हणाले, ऊन कमी पडतंय, बादल्या सरकव. दिवाळी झाली, अवकाळी पाऊस येऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी देठाजवळ गोल चिरा पडून निम्म्या गोट्या फुटल्या, काही खाली पडल्या. हसा हसा. सनगोल्ड लाल होतच नाही, केशरी हाच त्याचा पिकलेला रंग, हे तेव्हा आम्हाला कुठं माहीत होतं? शेतात रंग फिरला की तोडायचं एवढंच शिकलेला माणूस, त्यालाही कळलं नाही.

वैनींना हे सगळं कसं सांगायचं? वीस रुपये किलो म्हणे. अहो, बाजारातला टोमॅटो रंग फिरायला लागला की तोडतात, कारण त्याला क्रेटमध्ये शंभर हातांतनं आणि खड्ड्यांतनं जायचं असतं. तिथं साल जाड लागते. सनगोल्डची साल इतकी पातळ की जोरात बघितलं तरी फुटेल. तो मंडईपर्यंत टिकणारच नाही, तो झाडाखालीच खायचा असतो. दोन वेगळ्या वस्तूंचा एकच दर लावताय तुम्ही. तांबड्या रश्श्याचा भाव मीठ-पाण्यावरनं काढतं का कोण?

हो, पैशात परवडत नाही. बादल्या, कोकोपीट, निंबोळी अर्क, सुतळी सगळं धरलं तर किलोला किती पडतो ते मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. झालं समाधान?

लोकांना वाटतं हे चेरी टोमॅटो म्हणजे हॉटेलातल्या सॅलडमधलं काहीतरी परदेशी फॅड. परदेशीच म्हणाल तर सगळाच टोमॅटो दक्षिण अमेरिकेतनं आलाय, मिसळीतला पण. आणि बारका टोमॅटो आधीचा, मोठा नंतरचा. माणसानं निवडून निवडून मोठा केलेला. आबांना हे सांगितलं तर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे उकिरड्यावर बारकी तांबाटी यायची ती ह्यांच्यातलीच?" त्यांच्यातलीच, आबा.

त्यानंतर मी सुटलेच. टायनी टिम लावला, हातभर उंचीचा, ज्यांच्याकडं फक्त गॅलरी आहे त्यांनी हाच लावा. यलो पेअर लावला, दिसायला पिवळ्या दिव्यासारखा देखणा आणि चवीला पाणी. फोटोपुरता ठीक. काळी चेरी हा वाण मात्र जांभळट-तपकिरी, मिठाची गरज नाही अशी. सनगोल्डच्या बिया धरून ठेवल्या होत्या हौसेनं, पुढच्या वर्षी पाच झाडं आली ती पाच तऱ्हेची, दोन तर चक्क लाल आणि आंबट. संकरित वाणाचं बी धरलं की हे असंच होतं. काळी चेरी संकरित नाही, तिचं बी मात्र बिनधास्त धरा. गरासकट वाटीत दोन-तीन दिवस आंबवायचं, वर साय धरते, घाण वास सुटतो, मग धुऊन ताटलीत वाळवायचं. (ह्या वाटीबद्दलही एकदा ग्रुपवर "जिन्यात कसला तरी वास" असा मेसेज आला होता. असो.)

मघाशी फार चिडून लिहिलं वाटतं. पुसत नाही, राहू दे.

ती फुटलेल्या गोट्यांची सकाळ राहिलीच सांगायची. मी कपडे वाळत घालायला वर निघाले होते, दाराशीच थांबले. आबा बादलीपाशी उकिडवे बसलेले. खाली पडलेली एक गोटी उचलली, धोतराला पुसली, नाकाशी नेली आणि तोंडात टाकली. मग झाडावरची एक. मग दुसरी. सात मोजल्या मी. खाली आले तेव्हा एवढंच म्हणाले, "फुटायला लागल्यात तुझ्या गोट्या." दुसऱ्या दिवशी सकाळी मला न विचारता मांडणीवरची स्टीलची वाटी घेऊन वर गेले.

तेव्हापासनं गच्ची त्यांची. सहा-सात फुटांवर गेलेला वेल सुतळीला गुंडाळायचा, पानाच्या बेचक्यातल्या बगलफुटी चिमटीनं खुडायच्या, वारा नसला की काठीनं सुतळीला हलकी टिचकी मारायची, म्हणजे फुलातला पराग झडतो. खाली आल्यावर त्यांची बोटं हिरवी-काळी झालेली असतात, आणि साबण लावला की बेसिनमध्ये पिवळा फेस. तो फेस बघितला की मला कळतं आज गुडघा बरा आहे.

आता सेक्रेटरी साहेबांचा मुद्दा. गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावर ओल आली ती माझ्या पाचटानं पन्हाळीचं तोंड तुंबल्यामुळं. मान्य आहे, मी जाळी बसवलीय, खर्चही दिलाय. ओली बादली पंचवीस-तीस किलो भरते, हेही मान्य, म्हणून सगळ्या बादल्या कडेला, खाली बीम आहे तिथं ठेवल्यात. पण मग त्याच गच्चीवर तुमची मोडकी कपाटं, मागच्या इलेक्शनचे फ्लेक्स आणि कुणाचा तरी कमोड सहा वर्षं पडलाय, त्याला "इतर साहित्य" म्हणायचं आणि जिवंत झाडांना आधी हात लावायचा? ते हलवा की आधी! त्यात पाणी साचून डास होतात ते दिसत नाहीत?

रविवारी मीटिंग आहे. बोलायचं ते तिथं बोलेनच.

दुपारी चारला साहेब टेप घेऊन गच्ची मोजायला आले होते. मी मागोमाग वर गेले, भांडायच्याच तयारीनं. आबा खुर्ची टाकून झाडांत बसलेले. सनगोल्डचा घोस असा लोंबत होता, देठाकडनं टोकापर्यंत केशरी, वरची चार-पाच तर उन्हात नुसती चमकत होती. साहेब टेप गुंडाळता गुंडाळता थांबले आणि हात पुढं करून म्हणाले, "आबा, पिकल्यात काय ह्या?"

आबांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "छ्या. लाल कुठं झाल्यात अजून? कच्च्याच हायत."

साहेब जिना उतरल्याचा आवाज आला तसा त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला, दोन काढल्या आणि एक माझ्या हातावर ठेवली.