ओहोटीला दिसतं त्याची नोंद कोण ठेवणार?

आज डोकं फिरलंय म्हणून लांब लिहितेय. आमच्या खाडीच्या तोंडाशी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचं काम चाललंय आणि ज्या दगडावर बसून काकी कालवं फोडायच्या तो आज डंपरने ओतलेल्या काळ्या दगडांखाली गेला.

म्हणाल, एका दगडाचं काय घेऊन बसलीस. अरे, जहाजाचा दगडी नांगर होता तो! पुरुषभर लांब, वर निमुळता, टोकाला दोर ओवायचं गोल भोक, खाली लाकडी दांडे घालायची चौकोनी भोकं. असे दगडी नांगर अरबी समुद्रातल्या व्यापारी जहाजांवर असायचे, विजयदुर्ग-सिंधुदुर्गाकडे मिळालेत, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी त्यांचा अभ्यास केलाय. मी काही तज्ज्ञ नाही, कोणी येऊन वेगळं सांगेलही, पण त्यासाठी दगड दिसायला तर हवा! काकी म्हणायच्या, "ह्यो धोंडो माझ्या सासयेच्या आदीपासून हयसरच आसा गो." एवढीच त्याची नोंद.

बंधारा नको असं नाही, उधाणाला पाणी घरात शिरतं, मान्य. पण आधी एक फोटो, एक माप?

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ फॉर्म्बीला गॉर्डन रॉबर्ट्स नावाचे रिटायर्ड शिक्षक १९८९ पासून किनाऱ्यावर फिरत राहिले, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या जुन्या गाळात हजारो वर्षांपूर्वीची माणसांची, हरणांची पावलं दिसली की मापं घ्यायची, फोटो काढायचे. समुद्रच थर उघडतो आणि समुद्रच खातो, त्यामुळे वाहून गेलेल्या पावलांच्या त्यांनी केलेल्या नोंदी तेवढ्या उरल्यात. आणि इतकं लांब कशाला, रत्नागिरीच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळांवर, सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि मंडळी स्वतःचे कामधंदे सांभाळून गावोगाव विचारत फिरली, म्हणून कोकणातली कातळशिल्पं (कातळावर कोरलेली जुनी चित्रं) २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. सड्यावर जमलं ते खाडीत का नाही जमणार?

२०२५ ला विजयदुर्ग, सिंधुदुर्ग जागतिक वारसा झाले तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीही ठेवला. पण त्याच विजयदुर्गाची गलबतं जिथे दुरुस्तीला घ्यायचे ती गिर्येची गोदी किती जणांनी बघितलीय?

काकी आता थकल्यात, खाडीत उतरत नाहीत. जुना धक्का कुठे होता, गलबतं कुठे लागायची, कुठल्या गाळात लाकडी खांब रुतलेत, सगळं त्यांना पाठ आहे, आणि आपण त्यांना फक्त कालवांचा भाव विचारत आलो. त्या नांगरावर बसून बाईने अख्खं आयुष्य काढलं हो.

तर, येत्या अमावास्येला ओहोटी लांबवर जाईल तेव्हा मी खाडीत उतरणार आहे. मोबाईलचं लोकेशन चालू ठेवायचं, वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो, तारीख आणि वेळ लिहायची. खणायचं नाही, उचलायचं नाही, घरी आणायचं तर अजिबात नाही. भरती फिरायच्या आत बाहेर. काकींची सून वाट दाखवायला तयार आहे. देवगडच्या बाजूचे कोण येताय ते कमेंटमध्ये सांगा.