पेन्शन खायची असेल तर अंगठा जपा

कारखान्यात नोकरी करणाऱ्या आणि म्हातारपणी ईपीएस ९५ची, म्हणजे पीएफबरोबरच्या १९९५च्या पेन्शन योजनेची, पेन्शन खायची स्वप्नं बघणाऱ्या तमाम मंडळींसाठी चार अनुभवाच्या सूचना. फुकट आहेत, त्यामुळे ऐकायला हरकत नाही.

सगळ्यात आधी अंगठा. आमच्या कोल्हापुरात शिरोलीत नाहीतर उद्यमनगरात फाउंड्रीत काम करत असाल तर उजवा अंगठा कामाला लावू नका. वाळू, ग्राइंडर, गरम कास्टिंग, जे काय करायचं ते उरलेल्या नऊ बोटांनी करा. मी हे पाळलं नाही. परवा हयातीचा दाखला काढायला एका केंद्रात गेलो. अंगठा ठेवला, लाल दिवा. पुसून ठेवला, परत लाल. काउंटरवरचं पोरगं म्हणालं, "काका, डोक्यावरनं फिरवा जरा, तेल लागलं की उठतंय." डोक्यावर केस असते तर फिरवला असता. शेवटी कपाळावर घासला. "मॅच होईना काका." अरे, मी तुझ्यासमोर बसून तुझ्याशी बोलतोय की! तर म्हणतो, "मला दिसताय हो, सिस्टीमला दिसाय पायजे." मग चेहऱ्यावरनं करून बघितलं. मोबाईल म्हणतो डोळे मिचकवा. मिचकवून मिचकवून पाणी आलं, तरी मोबाईलची खात्री पटेना. मागच्या रांगेला वाटलं म्हातारा रडतोय. पेन्शन अजून बंद आहे. तेव्हा अंगठ्याबरोबर मोतीबिंदूही होऊ देऊ नका.

नाव आधारवर एक, पीएफला दुसरं आणि बँकेत तिसरं असं होऊ नये म्हणून इंग्रजी स्पेलिंग बारशालाच ठरवून घ्यावं.

लवकर पेन्शन हवी असेल तर ५० नंतर कधीही घ्या. ५८ला जितकी वर्षं कमी, तितके वेळा ४ टक्के कापून घेतील.

मरण्याआधी बायकोला सांगून ठेवा, तिला निम्मी मिळेल.

आता हिशोब. हा शांत डोक्यानं समजून घ्यायचा आहे, चहा घेऊन बसा. शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. आधी शेवटचे १२ महिने धरायचे, २०१४ला ६० केले, म्हणजे सरासरी आणखी खाली. आणि पगार म्हणजे तुम्ही घरी आणता तो नव्हे बरं का. पगार म्हणजे सरकारनं आखलेली मर्यादा. २००१ पासून ६५०० रुपये, १ सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. त्यानंतर दहा वर्षं उलटली तरी ती जागची हलली नाही. तुम्ही चाळीस हजार मिळवा नाहीतर साठ, पेन्शनच्या हिशोबात तुम्ही पंधरा हजारवालेच. त्याच्या ८.३३ टक्के, म्हणजे महिन्याला १२५० रुपये, मालकाच्या हिश्श्यातून पेन्शन फंडात जातात. सरकार वरनं १.१६ टक्के घालतं, १७४ रुपये. या मर्यादेवर पुरी ३५ वर्षं भरली तर पेन्शन बसते ७५००. मर्यादा आली २०१४ला, म्हणजे ३५ वर्षं भरतील २०४९ला. तोवर तब्येत सांभाळा. १९९५ला योजना सुरू झाली त्याच दिवशी चिकटलेला आणि २०२५ला सुटलेला माणूस चार-साडेचार हजारांवर येतो, कारण २०१४च्या आधीची वर्षं जुन्या ६५००वरच धरतात. आणि जो आकडा एकदा बसला तो बसला. महागाई भत्ता नाही, काही नाही. किमान पेन्शन १००० रुपये, तीही २०१४चीच. गंगावेशीच्या कट्ट्यावर रोज अर्धा लिटर म्हशीचं दूध घेतलं की हजार संपले. साखर, चहा पावडर, गॅस आणि गोळ्या तुमच्या तुम्ही बघा.

या हजाराची पण गंमत आहे. २०१३ साली राज्यसभेच्या याचिका समितीनं सांगितलं होतं, किमान ३००० तरी करा. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी. पुढं ते महाराष्ट्राचे राज्यपाल होऊन आले, राहिले, गेले. तीन हजार काही आले नाहीत.

सरकारला विचारलं की उत्तर तयार असतं: फंडाचं मूल्यांकन केलं, तूट निघाली. निघणारच की! पेन्शन सूत्रानं ठरवून द्यायची, पण फंडात येणारा पैसा वर्षानुवर्षं त्याच टक्क्याला आणि त्याच मर्यादेला बांधून ठेवायचा, मग तूट नाही तर काय शिल्लक निघणार? तूट तुम्ही केली आणि ती सोसायची कोणी, तर ज्याचा अंगठा झिजला त्यानं?

जादा पेन्शनचाही एक मार्ग होता. सुप्रीम कोर्टानं ४ नोव्हेंबर २०२२ला निकाल दिला, खऱ्या पगारावर पेन्शनचा पर्याय द्यायला चार महिने दिले. वाढत वाढत ती मुदत ११ जुलै २०२३ला संपली. अर्जावर मालकाची संमती पाहिजे. जास्त पगारावर पीएफ भरायला परवानगी घेतली होती त्याचा जुना कागद पाहिजे. कंपनी बंद पडली असेल तर मालकाला स्वप्नात गाठा. म्हाताऱ्यांची मुदत संपली, पण मालकांना पगाराची माहिती भरायला मुदतवाढीवर मुदतवाढ, थेट ३१ जानेवारी २०२५ पर्यंत! अर्ज मंजूर झालाच, तर आधी जादा पगारावरच्या हिश्श्याच्या फरकाचे काही लाख भरा म्हणून पत्र येतं. आणि १ सप्टेंबर २०१४च्या आधी पर्याय न देता रिटायर झालेल्यांनी हा परिच्छेद वाचायचीच गरज नव्हती.

आता उपदेश बास. मार्च २०२५मध्ये माजी खासदारांची पेन्शन २५ हजारांवरनं ३१ हजार झाली, तीही एप्रिल २०२३ पासून मागची धरून. महागाईचा निर्देशांक लावून! त्यांच्या पेन्शनला फंड नाही, मूल्यांकन नाही, सरळ तिजोरीतनं जाते. त्यांना महागाई लागते आणि आम्हाला लागत नाही होय? निर्लज्जपणाला काही हद्द? मर्यादा वाढवा, सरकारचा हिस्सा वाढवा, पेन्शन महागाईला जोडा. न समजण्यासारखं यात काहीही नाही.

आणि तुम्ही चाळिशीतले, "बघू की नंतर" म्हणणारे. बुलढाण्यात २०१८ पासून म्हातारी माणसं या पेन्शनच्या वाढीसाठी साखळी उपोषणाला बसली, तुम्ही व्हिडिओ पुढं ढकलला आणि मिसळ खायला गेलात. पीएफचं पासबुक उघडून पेन्शनच्या रकान्यात काय पडतंय ते कधी बघितलंय का? १२५०च पडतंय. पुढच्या वेळी मत मागायला दारात येतील तेव्हा हे ३१ हजार आणि ते १००० दोन्ही आकडे तोंडावर विचारा. नुसता हार घालून, फोटो काढून घेऊन परत पाठवू नका.