गल्लीतला पडदा आणि विश्वामित्रीची मगर

परवा मंडळाच्या मीटिंगमध्ये यंदाच्या गणपतीचा खर्च ठरत होता. मी म्हटलं, एका संध्याकाळचा ऑर्केस्ट्रा कमी करा आणि दोन संध्याकाळी पडदा लावू. निसर्गावरच्या फिल्म्स दाखवू, आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीवरचीही एखादी. दोघा-तिघांनी मान डोलावली, बाकीचे गप्प बसले. मग विषय मांडववाल्याच्या बिलाकडे वळला. तिथे बोलायला वेळ मिळाला नाही म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

आमच्या लहानपणी दांडिया बाजारात गणपतीच्या दिवसांत गल्लीत आडवा पडदा बांधत. संध्याकाळी पाचपासून सतरंज्या टाकून जागा धरायची. उशिरा आलेले पडद्याच्या मागच्या बाजूला बसत, त्यांना पाट्या उलट्या दिसत आणि नायक डावखुरा. तिकीट नव्हतं, त्यामुळे कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या बेन टोपली झाकून बसत, मागच्या पोळमधली, म्हणजे अरुंद गल्लीच्या वस्तीतली, मुलं येत, ज्या आज्या एरवी घराबाहेर पडत नसत त्याही ओट्यावरून बघत. थिएटरात कधीच न जाणारी माणसं त्या पडद्यासमोर असत. मला तोच पडदा हवा आहे.

पर्यावरणाचे फिल्म फेस्टिव्हल आपल्याकडे आहेत आणि चांगले आहेत. दिल्लीचा ‘वातावरण’ 2002 पासून चालू आहे. पुण्याचा किर्लोस्कर वसुंधरा महोत्सव तर मराठी माणसाला माहीतच असेल. मुलगी पुण्यात शिकत होती तेव्हा मी तिथे दोन दिवस सलग फिल्म्स पाहिल्या आणि परतीच्या गाडीत रात्रभर झोप आली नाही. तेव्हापासून मी कचरा वेगळा करते, दिवाळीत फटाके आणत नाही. तेव्हा फिल्मने माणूस बदलत नाही असं कुणी म्हटलं तर मी ते ऐकून घेणार नाही. पण सभागृहात आजूबाजूला पाहिलं तर बहुतेक सगळे आधीच निसर्गावर प्रेम करणारे होते. ज्यांच्या हातात जाळं आहे, जेसीबी आहे, किंवा पुलावरून नदीत टाकायची प्लॅस्टिकची पिशवी आहे, ते तिथे नव्हते.

आपल्याच गुजरातचं उदाहरण घ्या. वेरावळच्या समुद्रात व्हेल शार्क येतो, जगातला सगळ्यात मोठा मासा. सौराष्ट्रातले कोळी त्याला ‘बॅरल’ म्हणत, कारण गळाला पिंपं बांधून त्याला दमवून मारत. यकृताचं तेल होड्यांना लावायला, मांस परदेशात. माहितीपट करणारे माइक पांडे यांनी त्या शिकारीवर ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ ही फिल्म केली. 2000 मध्ये तिला ब्रिस्टलच्या वाइल्डस्क्रीन महोत्सवात ‘ग्रीन ऑस्कर’ म्हणून ओळखला जाणारा पुरस्कार मिळाला, आणि 2001 मध्ये भारत सरकारने व्हेल शार्कला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, घातलं. तोवर त्या यादीत एकही मासा नव्हता. एका फिल्मने एवढं केलं.

पण पुढचं मला जास्त मोलाचं वाटतं. कायदा झाला म्हणून जाळ्यात अडकलेला मासा कोळी लगेच सोडणार थोडाच? हजारो रुपयांचं जाळं कापावं लागतं. 2004 मध्ये व्हेल शार्क वाचवायची मोहीम सुरू झाली, रामकथाकार मोरारीबापू त्यात उतरले. किनाऱ्यावरच्या गावांत पथनाट्यं झाली, खऱ्याएवढा मोठा, हवा भरलेला मासा गावोगाव नेला. बापूंनी सांगितलं, ही ‘व्हाली’ आहे, लाडकी लेक, बाळंतपणाला माहेरी आलेली. माहेरी आलेल्या लेकीला कोण मारेल? वनखात्याने कापलेल्या जाळ्याची भरपाई देण्याची सोय केली. आणि त्याच कोळ्यांनी स्वतःच्या हाताने जाळी कापून शेकडो व्हेल शार्क समुद्रात परत सोडले. फिल्मने दिल्लीला जागं केलं, पण कोळीवाड्यात काम केलं ते त्यांच्या भाषेने, त्यांच्याच चौकात जाऊन. बाळंतपण आणि माहेर हे शब्द ज्याला सुचले त्याला माझा नमस्कार.

आता आपली विश्वामित्री. पावागढावरून उतरते, शहराच्या मधून वाहते, आणि शहराच्या ऐन वस्तीत तिच्या पाण्यात शेकडो मगरी राहतात. असं शहर दुसरं दाखवा. ऑगस्ट 2024 चा पूर आपण कुणीच विसरलेलो नाही. काळ्या घोड्याच्या पुलाजवळ धोक्याची पातळी 25 फूट, आणि पाणी 35 फुटांच्या वर गेलं होतं. आमच्याकडे वीज नव्हती. पाणी ओसरल्यावर समोरच्या काकांच्या अंगणात, तुळशीवृंदावनाला लागून, मगर. प्राणिमित्र संस्थेची मुलं येऊन तिला घेऊन गेली. त्या आठवड्यात गल्लीत सगळ्यांच्या तोंडी एकच होतं, या मगरींना उचलून कुठेतरी लांब सोडा. मीही घाबरले होते, पण तिला उचलताना तिच्या तोंडावर बांधलेली ती दोरी मला अजून दिसते.

म्हणून 2025 च्या गणपतीत आम्ही चार घरांनी मिळून एका भिंतीवर पांढरी चादर लावली. प्रोजेक्टर भाचा घेऊन आला. व्हेल शार्कची गोष्ट मी मराठीत आणि थोडी गुजरातीत तोंडी सांगितली, चित्रं दाखवली. नंतर भाच्याने पुलावरून मोबाइलवर घेतलेल्या मगरींच्या क्लिप्स. मगर काठाच्या मातीत बीळ खणते, कडक ऊन आणि थंडी त्यात काढते. उन्हाळ्याच्या तोंडाशी खड्डा करून अंडी घालते. साधारण दोन महिन्यांनी पिल्लं अंड्यातून आवाज देतात, तो ऐकून आई माती उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्यापर्यंत नेते. पिल्लू नर की मादी हे त्या मातीच्या उष्णतेवर ठरतं. हे ऐकताना मागे बसलेली पोरं सुद्धा गप्प झाली होती.

मग काकांनी, ज्यांच्या अंगणात मगर आली होती त्यांनीच, विचारलं, “म्हणजे काठावर मशीन फिरवलं की तिचं घरच जातं?” त्याच उन्हाळ्यात नदीचा गाळ काढून पात्र रुंद करण्याचं काम झालं होतं. पूर आपल्यालाही नको, ते काम का झालं हे मला समजतं. पण काकांचा प्रश्न त्याआधी आमच्या गल्लीत कुणी विचारला नव्हता. विसर्जनाच्या दिवशी निर्माल्य पिशवीसकट पुलावरून टाकायचं नाही, हे ठरवायला मग मला बोलावंही लागलं नाही. काकांनी स्वतःच ड्रम आणून ठेवला.

यंदा मला विश्वामित्रीवरची आपली स्वतःची अर्ध्या तासाची फिल्म दाखवायची आहे, मराठी आणि गुजराती दोन्हीत. शहरातल्या कमाटीबाग या उद्यानातून दिसणारी नदी, पुलाखालचं काळं पाणी, काठावर ऊन खात पडलेली मगर, पुरातली आमची घरं. जमलं तर शेवटी डभोईजवळचा वढवाणा तलावही. गायकवाडांच्या काळात शेतीसाठी बांधलेला हा तलाव 2021 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. हिवाळ्यात तिथे हिमालय ओलांडून पट्टकादंब ही रानटी हंसासारखी बदकं येतात, आणि इथल्या कितीतरी मुलांनी ते एकदाही पाहिलेले नाहीत.

त्यासाठी एक मदत हवी. ज्यांच्या घरी विश्वामित्रीचे जुने फोटो असतील, नदीवर पोहायला जाणाऱ्या आजोबांचे, घाटावरचे, जुन्या पुरांचे, त्यांनी कळवा. अल्बम घरी येऊन मोबाइलवर टिपून घेऊ, मूळ फोटो तुमच्याकडेच राहील. आजी-आजोबा नदीबद्दल काही सांगणार असतील तर रेकॉर्डर घेऊन येते. आणि मंडळातल्यांनो, पडदा मी आणते, तुम्ही फक्त दोन संध्याकाळी द्या.